हँडलची गाडी चढावर का मरायची

आमच्या बाजारात दोनच प्रकारची माणसं आहेत. हँडलशी भांडलेली, आणि भांडायची राहिलेली. मी पहिल्या प्रकारातला, आणि त्याचा मला अभिमान आहे. ज्याच्याशी कोणी भांडत नाही त्याची लोक नुसती कीव करत बसतात, आणि कीव केलेली हँडलला चालत नाही. मागून कोणी "बिचारा" म्हटलं की तो गाडी थांबवतो, मान वळवतो आणि विचारतो, "कोण? तुझा बाप?"

त्याचे पाय लहानपणीच्या तापात गेले. कमरेखाली काडीसारखे दोन पाय, आणि कमरेवर पैलवानाचे खांदे. एका सभेत कुणा पाहुण्याने त्याला उपदेश केला, "बाळा, स्वतःच्या पायावर उभं राहायला शिक." हा भर सभेत म्हणाला, "तुमचा एक द्या, लगेच राहतो." त्या दिवसापासून त्याला सभांना बोलावणं बंद झालं. मी बाजारात भरवतो त्या सभा सोडून. माझ्या सभांना तो न बोलावता येतो आणि भाषणात मधेच खाली बसवतो, मला.

हँडल हे नाव पडलं ते तीनचाकी गाडीमुळे. अशाच एका देणगीच्या कार्यक्रमात ती त्याला मिळाली होती. हाताने दांडा फिरवायचा की चाकं फिरायची. हार झाले, टाळ्या झाल्या. फोटोवाला म्हणाला, "हस ना रे." हा म्हणाला, "आधी चालवून बघतो, मग ठरवतो." चालवत आला तो थेट आमच्या बाजाराच्या चढाशी. बाजाराचं फाटक खाली आहे आणि दुकानं वर आहेत, मधे फरसबंदीचा खडा चढ. गाडी अर्ध्यावर गेली आणि तिथून पुढे काही हातांना ढळेना. बघ्यांनी ढकलून वर न्यायची तयारी दाखवली. हा उलटा खाली आला. फोटोत तो हसलेला नाही, तो का, ते आता कळलं असेल.

तेव्हा तो भंगारवाल्याकडे बसून तांबं, पितळ, लोखंड वेगळं करायचं काम करी. एक दिवस त्या ढिगात पाण्याच्या पंपाचं लहानसं पेट्रोल इंजिन आलं. भंगारवाला म्हणाला, "फोड ते. मेलंय."

"डॉक्टर कोण होता?" हँडलने विचारलं.

त्याने ते फोडलं नाही. इंजिनाचं काम त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मोडून टाकलेली इंजिनं उघडून उघडून तो शिकला होता. त्याचा हिशोब सरळ होता. इंजिनाला हवा लागते, पेट्रोल लागतं आणि ठिणगी लागते. हवा फुकट आहे, पेट्रोल डोळ्यांना दिसतं. लबाडी करते ती ठिणगी. म्हणून पहिला जाब तिला विचारायचा. प्लग काढायचा, वायरीची टोपी त्याला तशीच ठेवायची, प्लगचं धातूचं अंग इंजिनाला टेकवायचं आणि सुरू करायची दोरी ओढायची. निळी, टचटचीत ठिणगी उडाली तर ठिणगी शाबूत. पिवळी, मरतुकडी आली किंवा आलीच नाही, तर एकेक पायरी मागे जायचं: प्लग, टोपी, वायर, आणि ठिणगीची वीज बनवणारी कॉइल. उन्हात ठिणगी दिसत नाही, म्हणून तो इंजिनावर आणि स्वतःच्या डोक्यावर चादर ओढून घ्यायचा. चादर उडू नये म्हणून तिची टोकं त्याची ताई धरून उभी राहायची. येणारे जाणारे विचारायचे, "ताई, भावाला भूतबाधा झाली का?" ताई म्हणायची, "भुताला झालीय. माझ्या भावाची."

त्या इंजिनाच्या कॉइलसमोर फिरणाऱ्या चुंबकावर गंज चढला होता, बाकी काही नव्हतं. पॉलिश पेपरने घासला आणि मेलेलं इंजिन शिव्या दिल्यासारखं बोलू लागलं. हँडलने ते गाडीच्या मागच्या अंगाला बसवलं, वेग वाढला की आपोआप पकडणारा क्लच घालून साखळीने चाकाला जोडलं. आता बाजारात माल वाहायचा धंदा सुरू झाला. फाटकापासून वरच्या दुकानांपर्यंत, चढावरून, स्वतः.

इथे एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. असलं इंजिन बंद करायची रीत दिव्याच्या उलट असते. दिवा विझवायला आपण वीज तोडतो. इथे कॉइलपासून एक बारीक वायर काढलेली असते, ती लोखंडाला टेकवली की ठिणगी तिथल्या तिथे जिरते आणि इंजिन गप्प होतं. हँडलचं इंजिन पाठीमागे, तिथे हात पोचायला वेळ लागतो. म्हणून त्याने ती वायर बैठकीच्या फळीखालून पुढे आणली आणि दांड्यावर बटण बसवलं. बटण दाबलं, गाडी बंद. स्वतःच्या अकलेवर तो इतका खूश होता की चार दिवस उगाच बंद-चालू करत फिरला.

हमालांना ही गाडी पहिल्यापासून खुपत होती. त्यांचंही खोटं नव्हतं. चार जणांच्या पाठीवरचं ओझं एक गाडी नेते म्हटल्यावर तिघांची मजुरी बुडणारच. पण त्यांचा मुकादम, गळ्यात शिट्टी अडकवून फिरणारा वाळका माणूस, त्याचं दुखणं वेगळं. बाजारात कोण कुठला माल उचलणार हे त्याच्या शिट्टीवर ठरायचं, आणि हँडल शिट्टी ऐकून थांबत नसे. "मी काय पाणी प्यायला चाललेलं घोडं आहे का?" असं म्हणायचा. एकदा म्हणाला असता तर भागलं असतं; रोज म्हणायचा.

मग एका सकाळी गाडी चढावर मेली.

सरबताच्या बाटल्यांचे खोके होते. अर्ध्या चढावर इंजिन पटकन गप्प झालं, गाडी मागे घरंगळली, ब्रेक लागेपर्यंत वरचे खोके खाली. सगळा चढ चिकट झाला. मुंग्यांची चंगळ, मुकादमाची त्याहून जास्त. दुसऱ्या खेपेला कांदे होते, तेव्हाही तिथेच मेली. हलका माल असला तर जायची, गच्च भरली की मरायची. सपाटीवर मात्र शहाण्यासारखी धावायची.

बाजाराच्या अध्यक्षांनी मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री हँडलचा जुना दोस्त, त्याच्याच शेजारी गॅरेज आहे. त्याने प्लग पाहिला, कार्बोरेटर पाहिला, मग तोच माल भरून स्वतः गाडीवर बसला आणि चढ चढून गेला. परत आला, पुन्हा गेला. गाडीने कुरकुरसुद्धा केली नाही.

"गाडी ठणठणीत आहे," मिस्त्री म्हणाला, आणि म्हटल्यावर हँडलकडे बघेना.

मुकादमाला आणखी काय हवं? "ऐकलंत ना? बिघाड गाडीत नाही. गाडीवर आहे."

लोक हसले. नाव घेऊन सांगू शकतो कोण कोण हसलं.

अध्यक्ष हसले नाहीत. ते भले गृहस्थ, आणि भल्या माणसांची मला जास्त भीती वाटते. त्यांनी हँडलला कचेरीत बोलावलं. त्याने मला साक्षीला नेलं. अध्यक्ष म्हणाले, "हे बघ, गाडी तुझीच राहू दे. चालवायला कोणी धडधाकट माणूस ठेव. तू फाटकाजवळ वजनकाट्याशी बस. स्टूल देतो, सावली आहे, पंखाही लावून देतो."

"पंखा तुम्हाला लावून घ्या," हँडल म्हणाला. "घाम तुम्हाला आलाय."

"अरे, तुझ्या भल्यासाठीच..."

"माझं भलं मी वर नेऊन दाखवतो. गच्च भरलेल्या गाडीवर. एकटा."

मी टेबलावर मूठ आपटायच्या तयारीत होतो, पण त्याने जागा ठेवली नाही. ठरलं ते असं: सोमवारी सकाळी, बाजार उघडताना, पोत्यांनी भरलेली गाडी, एकटा हँडल, कोणी हात लावायचा नाही, कोणी दगडसुद्धा चाकामागे सरकवायचा नाही. वर पोचला तर चढावर त्याला कोणी अडवायचं नाही. नाही पोचला तर स्टूल.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बिघाड सापडला का तुला?"

"नाही."

"मग कुठल्या जोरावर बोललास?"

"सापडला असता तर बोलायला जोर कशाला लागतो?"

हँडल आणि ताई बाजारामागच्या एका खोलीत राहतात. पुढे फरशीचं अंगण, दाराशी ताईचं शिलाई मशीन. ताई गाद्या, पिशव्या, गाड्यांच्या सीटा शिवते. हँडलच्या गाडीची बैठकही तिनेच केलेली. नुसत्या फळीवर बसून त्याला जखमा व्हायच्या, तर गेल्या महिन्यात तिने जाड फोम घालून वर लाल रेक्झिन ताणलं आणि खालून बारीक खिळे ठोकून पक्कं केलं. हँडलने कौतुक केलं नाही. पण दुसऱ्याला बसू द्यायचा नाही, एवढ्यावर ती समजली.

त्या अंगणात शनिवार-रविवार चादर निघाली. ताईने टोकं धरली, आतून आवाज यायचा, "निळी!" थोड्या वेळाने पुन्हा, "निळी!" इतक्या वैतागाने चांगली बातमी सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"मरताना खोकते का रे?" ताईने विचारलं.

"नाही. एकदम जाते."

"मग पेट्रोल नव्हे." ताईने आयुष्यात इंजिन उघडलं नाही, पण एवढी वर्षं चादर धरून तिलाही कान आले होते. पेट्रोल कमी पडलं की इंजिन खोकतं, अडखळतं, निरोप घेत घेत जातं. ठिणगी गेली की फुंकर मारल्यासारखं विझतं.

"ते मला कळतंय," आतून आवाज. "ठिणगीच खातंय कोणीतरी. पण इथे खात नाही, मिस्त्रीखाली खात नाही, माझ्याखाली खातंय."

पुढचं चाक विटांवर चढवून चढासारखी तिरकी केली, चालत राहिली. कॉइल तापल्यावर दगा देते म्हणून पाण्याचा थेंब चुर्र होईपर्यंत तापवली, चालत राहिली. मिस्त्री गुपचूप येऊन नवी कॉइल, नवा प्लग ठेवून गेला. ते बसवून फाटकाशी जाऊन बघावं तर मुकादमाने चढावर दोन हातगाड्या आडव्या लावून ठेवल्या होत्या. "परीक्षेआधी पेपर बघायचा नसतो," म्हणाला.

चूक कुठे होती ते आता सांगायला सोपं आहे. दुसरा कुठलाही मिस्त्री गाडी तपासताना वर बसतो, उतरतो, पुन्हा बसतो. हँडलला उतरणं-चढणं म्हणजे दोन्ही हातांचं काम. तो एकदा खाली फरशीवर बसला की सगळी दुरुस्ती तिथूनच करायचा. म्हणजे त्या दोन दिवसांत गाडीची प्रत्येक गोष्ट तपासली गेली. फक्त हँडल बसलेली गाडी तपासली गेली नाही.

सोमवारी अख्खा बाजार कडेला उभा. कुलपं तशीच, दुकानदार पायऱ्यांवर. मुकादमाने स्वतः पोती मोजून चढवली, आणि सगळ्यात जड ती निवडून. अध्यक्ष वर, शेवटच्या पायरीशी. ताई चढाच्या मध्यावर भिंतीला टेकून.

हँडलने खांद्यावरून मागे हात नेला, दोरी ओढली. इंजिन बोललं. गाडी चढाला लागली. मी श्वास धरला होता हे मला नंतर खोकला आला तेव्हा कळलं.

अर्धा चढ. आणि फुस्स.

गाडी हातभर मागे आली. ब्रेकचा दांडा त्याने खाडकन ओढला, थांबली. ताई धावली, तिच्या हातात दगड होता.

"ताई, दगड टाक!" तो ओरडला. "तिकडे टाक, चाकाखाली नाही!"

मुकादमाची शिट्टी वाजली. "झालं! उतरा आता."

"उतरवायला माणसं लागतील," हँडल म्हणाला. "पाठव बघू कोण येतो."

कोणी आलं नाही. त्याचे खांदे सगळ्यांनी पाहिलेले आहेत.

डाव्या हाताने ब्रेक धरून, मागे रेलून त्याने पुन्हा दोरी ओढली. इंजिन सुरू! लोकांत कुजबुज. त्याने दांडा धरला, पुढे झुकला, ब्रेक सैल केला, आणि फुस्स. पुन्हा मागे रेलला, ओढली, सुरू. पुढे झुकला, मेली. आता लोक खदखदून हसायला लागले. कोणीतरी म्हणालं, "झोपाळा आहे की गाडी?"

पण हँडल हसणाऱ्यांकडे बघतच नव्हता. तो स्वतःच्या पोटाकडे बघत होता. पुन्हा मागे रेलून सुरू केली आणि यावेळी झुकला नाही. तसाच बसला. इंजिन चालत राहिलं. मग सावकाश, दारातून डोकावल्यासारखा, जरासा पुढे झाला. इंजिन मेलं. जरासा मागे, दोरी, जिवंत.

"मिस्त्री!" तो ओरडला. "चढावर तू पाय कुठे ठेवलेस?"

"पायाखालच्या पट्टीवर. रेटा दिला," मिस्त्री खालून म्हणाला, आणि तिथेच त्याचं तोंड उघडं राहिलं.

तेच होतं. पाय असलेला माणूस चढावर पायाने रेटा देतो आणि बैठकीवर आरामात मागे बसतो. हँडलला रेटा द्यायला काही नाही. गाडी गच्च भरली की पुढचं चाक उचललं जाऊ नये म्हणून तो दांड्याला धरून सगळं अंग बैठकीच्या पुढच्या कडेवर आणतो. ओझं जितकं जास्त, तितका तो पुढे.

इंजिन चालू ठेवून त्याने उजवा हात बैठकीच्या पुढच्या कडेखाली घातला. चाचपलं. आणि एकदम "आई गं!" करून हात झटकला. वायरीने सणसणीत झटका दिला होता. सगळा बाजार दचकला, आणि हा पठ्ठ्या पहिल्यांदा हसला. फोटोवाल्याने यायला हवं होतं.

"चावली!" तो म्हणाला. "सापडली लबाड!"

फळीखालून जाणाऱ्या त्या बारीक वायरीत एक खिळा घुसला होता. ताईच्या रेक्झिनचा. फळी रबराच्या तुकड्यांवर ठेवलेली. पुढच्या कडेवर भार आला की फळी दबायची, खिळ्याचं डोकं खालच्या लोखंडी पट्टीला टेकायचं, आणि वायर लोखंडाला टेकली की इंजिन बंद होतं हे मी मघाच सांगितलं. म्हणजे हँडल चढावर झुकून दर वेळी स्वतःच गाडी बंद करत होता. बटणाला हात न लावता.

ताईने भिंतीजवळून त्याच्या हाताची जागा पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

"काय सापडलं?" अध्यक्षांनी वरून विचारलं.

"वायर खराब आहे," हँडल म्हणाला. "मी टाकलेली."

मुकादम पुढे आला. "आता दुरुस्ती नाही! परीक्षा म्हणजे परीक्षा."

"हात लावायचा नाही असं तुमच्यासाठी ठरलंय. माझी गाडी, माझे हात." पण हात कुठे मोकळे? डावा ब्रेकवर अडकलेला, सोडला तर पोत्यांसकट खाली. उजव्याने त्याने बटण दाबून इंजिन बंद केलं, वायर खिळ्यातून सोडवली, पुढे ओढून तिचा फास बाहेर काढला, खाली वाकला आणि दातांनी तोडली. थुंकला. इंजिनाकडचं टोक दुमडून रेक्झिनच्या घडीत खुपसलं, लोखंडापासून दूर. मागे रेलला. दोरी ओढली.

मग पुढे झुकला. सगळाच्या सगळा झुकला, छाती दांड्यावर.

इंजिन मेलं नाही. गाडी वर निघाली, पोत्यांसकट, फरसबंदीवर दणदण करत, ताईच्या समोरून, अध्यक्षांच्या अंगावर धूर सोडत, वरच्या चौकात. आणि तिथे तो थांबला नाही. चौकात गोल फिरायला लागला.

"पोचलास! बंद कर ते!" मुकादम ओरडला.

"बंद करायची वायरच तोडली! कशी करू?"

पेट्रोलची तोटी त्याच्या कोपराजवळ होती, हे मिस्त्रीला माहीत होतं. मिस्त्री आभाळाकडे बघत उभा राहिला.

अध्यक्ष काहीतरी म्हणाले.

"ऐकू येत नाही!" हँडल पुढच्या फेरीत म्हणाला.

"चढ तुझा!" अध्यक्ष ओरडले.

"काय?"

तोंडाभोवती दोन्ही हात धरून, बाजाराच्या अध्यक्षाला शोभणार नाही अशा आवाजात, त्यांनी पुन्हा ओरडून सांगितलं. सगळ्या पायऱ्यांवरच्या सगळ्या दुकानदारांनी ऐकलं. हँडलने आणखी एक फेरी मारली, ती मात्र नुसती मजेची, आणि तोटी बंद केली.

ताई पोचली तेव्हा धापा टाकत होती. "खिळा माझा होता."

"असेल."

"सांगितलं का नाहीस त्यांना?"

"आपल्या घरातला खिळा मुकादमाला दाखवू? गादी बरी आहे. वायर दुसरीकडून नेतो."

पोती उतरत होती तोवर हमालांतला सगळ्यात म्हातारा गडी गाडीजवळ आला. "खाली जाणार का परत? माझी दोन पोती पडलीत फाटकाशी."

मुकादमाने शिट्टी फुंकली. म्हाताऱ्याने मान वळवली नाही.

"बस मागे," हँडल म्हणाला.

"मी चालत येतो. पाय आहेत मला."

"ऐकतोय ना. इथपर्यंत वाजतायत गुडघे. बस."

म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं, मुंडासं आवळलं आणि रिकाम्या गाडीवर चढून बसला. शिट्टी पुन्हा वाजली. हँडलने दोरी ओढली.